कुत्रा छाप पसारा

"आवं ताई, पुण्याला गेलेलं माणूस येताना काय घेऊन येतं? बाकरवडी आणंल, नातवंडांना कापडं आणंल. आमच्या घरचं माणूस काय घेऊन आलंय ते बघायला या एकदा हिकडं!"

अक्कांचा आवाज आधी येतो, मग अक्का दिसतात. त्यांच्या आणि आमच्या परसामधे नुसतं तारेचं कुंपण. त्यावर दोन्ही घरांची धुणी वाळतात आणि दोन्ही घरांच्या भानगडीही तिथंच उन्हाला पडतात. नाना काल रात्रीच्या पॅसेंजरनं आले हे मला ठाऊक होतं. स्टेशनापासून घरापर्यंत कापडी पिशवी छातीशी धरून चाललेले नाना निम्म्या जेऊर गावानं पाहिले होते. तरी मी आपला अजाणपणाचा आव आणला.

"काय आणलं हो?"

"काय आणणार? काळ्या थाळ्या! त्यातली एक चिरलेली. मी म्हणलं, पैसे मोजून चिरलेली कशापायी आणली? तर म्हणत्यात, चीर कडंला हाय, गाणं सुरू व्हायच्या आधीच संपती. आता ह्याला काय म्हणावं?"

नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. रेल्वेच्या निवृत्त माणसाला पास मिळतो आणि त्या पासावर लोक काशी-रामेश्वर करतात. नानांचा पास पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात संपतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, त्यामुळे त्या दोन वारांना अक्कांच्या घरी सकाळीच भांड्याला भांडं लागतं. त्यातून सगळ्या गाड्या काही जेऊरला थांबत नाहीत. मिळेल ती पॅसेंजर धरायची, आणि बाजारात पोचावं तोवर चांगला माल पुण्याच्या लोकांनी उचललेला. उभा जन्म रेल्वेचं मीठ खाल्लेल्या माणसाला गाडीला शिव्या द्यायला शिकवलं ते या छंदानं.

"आता ह्या ठिवायच्या कुठं?" अक्कांनी गोधडी झटकली. "पलंगाखाली झाल्या, कोठीच्या खोलीत झाल्या. देव्हाऱ्याशेजारी जरा जागा हुती, तिथं आता तो कुत्रा बसलाय."

"कुत्रा?"

"आवं, थाळीवरचा! कर्ण्याम्होरं कान देऊन बसलेला. त्या बिचाऱ्याला मालकाचा आवाज तरी ऐकायचा असतो. आमचे हे घरातल्या बाईचा सोडून समद्या जगाचा आवाज ऐकत्यात."

एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या त्या कुत्र्याचं नाव निपर. इंग्लंडातल्या फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकाराच्या भावाचा तो कुत्रा; भाऊ गेल्यावर याच्याकडे आला आणि चित्रात जाऊन बसला. आपल्याकडे कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव वाचत कोण बसतो? कुत्रा छाप म्हटलं की काम भागायचं.

"आणि तुम्ही हात लावला की नाना चिडतात म्हणे?" ती गोष्ट मला पुन्हा ऐकायची होती, म्हणून मी काडी टाकली.

"चिडत्यात? कोरोनाच्या टायमाला कुर्डुवाडीहून कुणाची तरी पेटी उचलून आणली. कुणाच्या घरातली, कुणाकुणाचे हात लागलेली, देवाला ठाऊक! मी घेतली सॅनिटायझरची बाटली आन् एकेक थाळी पुसून काढली. घरात म्हातारं माणूस, काळजी घ्यायला नको? तर थाळ्या झाल्या चिकट, फडकं झालं काळं, आन् हे माणूस दोन दिस माझ्याशी बोललं न्हाई. मला वाटलं कोरोनाच झाला."

खरं तर अक्कांनी एलपी पुसल्या असत्या तर इतकं बिघडलं नसतं. एलपी प्लास्टिकच्या, विनाइलच्या. पण कुर्डुवाडीच्या पेटीतल्या होत्या जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या. बांगड्यांना लागते तीच लाख, किड्यानं झाडावर केलेली. ती शुद्ध करायची, त्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळायचे आणि गरम असताना साच्यात दाबायचं. लाख अल्कोहोलमधे विरघळते. सुतार लोक याच गुणावर फर्निचरचं पॉलिश करतात. आणि सॅनिटायझरमधे दुसरं असतं काय? अक्कांनी त्या दिवशी बऱ्याच जणांची गाणी फडक्यावर उतरवून घेतली.

"दगडाची पूड?" अक्कांना हे नवीन होतं. "म्हंजी मी दगडावर मरत हुते?"

"पूड मुद्दाम घालायचे. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची व्हायची. म्हणून तर दर बाजूला सुई नवी लावायची."

"ते ठाऊक हाय. सुयांच्या डब्याही आणल्यात की! पत्र्याच्या इवल्याशा डब्या, वर तोच कुत्रा. नातू म्हणतो, आजी, ह्यात गोळ्या हायेत का?"

एवढ्यात नानाच दाराशी आले. हातात भिंग. काल आणलेल्या तबकडीच्या पोटातला आकडा वाचायचं काम चालू होतं. गाणं संपल्यानंतर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते, तिथं बारीक आकडे-अक्षरं कोरलेली असतात. नाना म्हणतात की लेबलाला भुलू नये. गाणं तेच, गायक तोच, पण कंपनी पंधरा-वीस वर्षांनी तीच तबकडी नव्या लेबलाखाली पुन्हा काढते. सिनेमाच्या एलपीवर पहिल्या छापाची अक्षरं असली तर नाना खुर्चीवरून अर्धे उठतात. तीच एलपी नंतरच्या लेबलाची निघाली तर पुन्हा बसतात. गाण्यात फरक काडीचा नाही. असलाच तर तो नानांना ऐकू येतो.

"नाना, कालची मोहीम फत्ते म्हणायची का?" मी विचारलं.

"कसली फत्ते! पूर्वी विकणाऱ्याला लेबलावरची अक्षरं कळत नव्हती, आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे. मी हात लावला की तो फोटो काढतो आणि परदेशात कुणी काय किंमत सांगितलीये ते मला दाखवतो. अरे बाबा, सांगितलेली किंमत वेगळी आणि आलेली वेगळी! मीही माझं घर दहा कोटीला सांगेन."

"सांगा की," अक्का म्हणाल्या, "थाळ्यांसकट द्या म्हंजी झालं."

नानांनी तिकडे दुर्लक्ष केलं. ती कला त्यांना साधली आहे. बाजारातली त्यांची पद्धत मात्र ऐकण्याजोगी आहे. हवी ती तबकडी कधी हातात घेऊन बघायची नाही. आधी चार टाकाऊ उचलायच्या, त्यांच्यावर फुंकर मारायची, तोंड वाकडं करायचं. हवी ती त्यांच्या मधे सारायची आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारायचा. मग घड्याळ बघायचं. 'गाडी आहे' म्हणून निघायचं. मागून हाक आली तर ठीक. नाही आली तर चहा पिऊन परत जायचं आणि नव्यानं सुरुवात करायची. यात टाकाऊ चारही घरी येतात, हा भाग नाना सांगत नाहीत. तो अक्का सांगतात.

पण नानांचा एक नियम आहे. घासाघीस करायची ती दुकानदाराशी. कुणी घरातली पेटी विकायला काढली असेल, म्हातारा गेला म्हणून, घर पाडायचं म्हणून, तर त्या माणसाला आत काय आहे ते सांगायचं आणि मगच भाव करायचा. अक्कांच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. "मालकाला सांगून घेतलं तर त्यात स्वस्त कसलं?" या मुद्द्यावर मी नानांच्या बाजूची, जरी मला कधी कधी शंका येते की नाना आधी तबकडी काखेत मारतात आणि मग सत्य सांगतात.

मुंबईत हा नियम चालवायची वेळच येत नाही. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर नाना म्हणतात त्याप्रमाणे विकणारा घेणाऱ्याच्या आजोबाला ओळखून असतो. काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस, जिथं नाना नोकरीत असताना नुसत्या सीड्या चाळायला जायचे, ते 2016 साली बंद झालं. आणि आता सगळ्या जगालाच तबकड्यांचं वेड पुन्हा लागलंय. अमेरिकेत 2022 साली सीडींपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच.

"सीड्यांचं नाव काढू नका," अक्का म्हणाल्या. "त्या तेवढ्या कामाच्या. भावानं ज्वारीला दोरीवर टांगल्यात. उन्हात चमकत्यात, पाखरू फिरकत न्हाई. त्यात एक तुमची हुती म्हणं."

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही. काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या.

वेड लागलं की बनावटही आलीच. नानांच्या करमाळ्याच्या एका पाहुण्यानं मुंबईहून ग्रामोफोन आणला. पितळी कर्णा लखलखीत, अष्टकोनी पेटी, वर कुत्र्याची पाटी. दिवाणखान्यात ठेवून साऱ्या भावकीला चहाला बोलावलं. नाना गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, पाटीचे स्क्रू नवे आहेत. पेटी नवी, कर्णा नवा, आतलं यंत्र कुठल्या तरी मोडक्या मशीनचं. असले ग्रामोफोन आजही बनतात आणि म्हातारे म्हणून विकले जातात. दिसायला झकास, पण सुईचा दांडा असा बसवलेला असतो की चांगली रेकॉर्ड चार वेळा लावली तर पाचव्यांदा लावण्यासारखी उरत नाही. पाहुण्यानं त्या दिवसापासून नानांशी बोलणं टाकलं. चहा मात्र प्यायला मिळाला होता.

या गप्पा रंगात आल्या असताना रस्त्यानं तात्यांची लूना आली. तात्या म्हणजे आमच्या भागातले जुने कर्णेवाले. लग्न असो, जत्रा असो, गणपती असो, लिंबाच्या झाडावर कर्णा बांधायचा तर तात्यांनीच. अहुजाचा अँप्लिफायर, दोन बॅटऱ्या, एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी एवढा संसार बैलगाडीत घालून तात्या वस्त्या-वस्त्यांवर फिरले. त्यांच्या वडलांकडे चावीचा फोनो होता. उजनी धरणाच्या पाण्यात त्यांचं जुनं गाव गेलं, तेव्हा भांडीकुंडी आधी की फोनो आधी यावरून वडलांचं आणि आईचं भांडण झालं होतं, असं तात्या सांगतात. फोनो आधी आला.

"काय नाना, नवा माल?" तात्यांनी लूना कुंपणाला टेकवली.

"बसा तात्या. तुम्हालाच विचारायचं होतं. तुमच्या पेटीतली सगळ्यांत जास्त कुठली वाजली?"

"सकाळला प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं. त्याबिगर मांडवाचा खांबच उभा ऱ्हायचा न्हाई. दुपारच्याला शाहीर साबळे. आन् वरात निघाली की लावण्या. 'सांगत्ये ऐका'ची रेकॉर्ड तर मी वडलांच्या हातात बघितलीया, घासून घासून पांढरी पडल्याली. नवी आणायची, ती पांढरी व्हायची, पुन्ना नवी आणायची."

"आणि सगळ्यांत कमी?"

तात्या हसले. "एक हाय खाँसाहेबाची. कुणी दिली काय म्हाईत. एकदा लग्नात चुकून लागली, तर नवरदेवाचा बाप मांडवातनं वरडत आला, कर्णेवाले, घरात कुणी मेलंय का?"

"बघा! हेच मी म्हणत होतो." नाना आता कुंपणाच्या अगदी जवळ आले. "ती खाँसाहेबांची आज कोरी करकरीत असणार. आणि लावण्यांची पार भुगा झालेली. जुन्या बाजारात जी चकाचक दिसते ती कुणाला न आवडलेली असते. जी लोकांनी जीव लावून वाजवली ती मिळते, पण फुटकी, घासलेली, अडकणारी. म्हणून खाँसाहेब शोधायला मुंबईला जाण्यात मोठेपणा नाही. गावाकडच्या माणसानं ऐकलेली लावणी, पोवाडा, तमाशाच्या गाण्याची तबकडी स्वच्छ मिळाली, तर ती खरी चीज."

मला हे पटायला थोडा वेळ लागला. माझी समजूत अशी की खूप विकलं गेलं ते आज ढिगानं मिळणार, म्हणून स्वस्त. एका अर्थी ते खरंही आहे. 'शोले'च्या संवादांची पॉलिडॉरची रेकॉर्ड घराघरांत गेली होती. आज जो तो विकणारा तिच्याकडे बोट दाखवून भाव चढवतो, आणि नाना म्हणतात की ती दर तिसऱ्या पेटीत निघते. पण तिच्यावर एक ओरखडा नाही अशी दाखवा म्हटलं तर विकणारा दुसरीकडे बघतो. लग्नाला, तमाशाला आणि हॉटेलात वाजलेल्या तबकड्यांचं तर त्याहून वाईट. हॉटेलवाल्यानं गल्ल्याशेजारी फोनो ठेवायचा, एक सुई आठवडाभर चालवायची, आणि सुई बोथट झाली की ती खाचच कोरून काढते. वाईट सुईनं मारलेल्या तबकड्या अपघातानं फुटलेल्यांपेक्षा जास्त असतील, असं माझं नानांकडे बघून मत झालंय.

नाना बरीच वर्षं एक गोष्ट शोधतायत: 1947 सालच्या 'लोकशाहीर रामजोशी' सिनेमाच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या, धड अवस्थेतल्या. शाहीर राम जोशी सोलापूरचे. सिनेमा राजकमलचा, संगीत वसंत देसाईंचं, गाणी गदिमांची, पडद्यावर जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. सोलापूर जिल्ह्यातल्या कर्णेवाल्यांनी त्या किती लावल्या असतील! म्हणूनच नाना म्हणतात की त्या आमच्याकडे धड मिळणार नाहीत, आणि दुसरीकडे शोधायचा त्यांना धीर नाही.

या वेडात ते एकटे नाहीत ही अक्कांची सर्वांत मोठी तक्रार. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था निघाली. भौतिकशास्त्राचे संशोधक सुरेश चांदवणकर यांनी ती चालवली. 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिकही काढलं. सोलापुरातही या मंडळींचा गट. तिथं एखादा माणूस एक तबकडी घेऊन येतो, बाकीचे गोलात बसून तीन मिनिटं ऐकतात आणि तीन तास बोलतात.

"एका येळंला मी गेले हुते संगं," अक्का म्हणाल्या. "बाई गाती कमी आन् शेवटाला आपलंच नाव वरडून सांगती. म्या म्हणलं, ही कसली रीत?"

"गौहर जान!" नानांनी कान पकडले. "1902 साली कलकत्त्यात आपल्याकडची तबकड्यांसाठीची पहिली रेकॉर्डिंगं झाली. फ्रेड गाइसबर्ग नावाचा साहेब आला होता. मेणावर घेतलेलं गाणं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तिथं तबकडी बनायची. तिथल्या कामगाराला कसं कळणार गाणं कुणाचं? म्हणून शेवटी नाव सांगून टाकायचं."

"बाई शहाणी," अक्का क्षणात फिरल्या. "नाव सांगितलं न्हाई की केल्याल्या कामाचं पुण्य दुसराच घिऊन जातो. मी बी आता भाकरी थापल्यावर सांगत जाईन."

तात्यांनी तंबाखू मळायला घेतली. नानांनी आवाज खाली आणला. हा त्यांचा आवाज मला ठाऊक आहे. पेटी जवळ आली की ते असे बोलतात.

"तात्या, पेटीत एखादी इंग्रजी नाही ना?"

"इंग्रजी? जत्रंत इंग्रजी लावली असती तर लोकांनी मलाच झाडाला टांगलं असतं. कशापायी?"

मग नानांनी बीटल्स या इंग्रजी बँडचं प्रकरण काढलं. विलायतेत 1960च्या आसपास 78 फेऱ्यांच्या तबकड्या बंद झाल्या. आपल्याकडे मात्र कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात त्या निघतच राहिल्या, कारण खेड्यांत वीज नव्हती, चावीचे फोनो होते आणि चावीच्या फोनोवर दुसरी कुठली तबकडी चालत नाही. त्याच यंत्रांवर दमदमवाल्यांनी बीटल्सची गाणीही 78वर दाबून काढली. आज जगभरचे बीटल्सवाले त्या भारतीय तबकड्यांसाठी जीव टाकतात.

तात्यांची मळणी थांबली. "म्हंजी आमच्याकडं लाइट न्हवती म्हणून?"

"अगदी!"

"आन् मी पोलच्या अर्जावर सह्या गोळा करत हिंडत हुतो," तात्या म्हणाले.

एक खरं की आमच्या भागातल्या पेटीत बीटल्स निघायची शक्यता जवळजवळ शून्य. नानांनाही ते कळतं. त्यांचा डोळा असतो तो यंग इंडियावर. नॅशनल ग्रामोफोन कंपनीचं हे मुंबईचं स्वदेशी लेबल, 1935च्या सुमाराला निघालं आणि 1955च्या सुमाराला मिटलं. बड्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या अशा नवख्या, हौशी, गावोगावच्या गाणाऱ्यांना यांनी तबकडीवर आणलं. त्यातली कितीतरी गाणी पुन्हा कुणी काढलीच नाहीत. कॅसेटवर नाहीत, सीडीवर नाहीत. ती तबकडी फुटली की ते गाणं संपलं. नानांच्या पलंगाखालचा जो पसारा अक्का भंगारात घालायला निघाल्या होत्या त्यात अशा काही आहेत, आणि माझ्या मते साऱ्या घरात तेवढ्याच सांभाळण्यासारख्या आहेत. सिनेमाच्या एलपी नानांनी खुशाल विकाव्यात. त्या कुणी ना कुणी ठेवतोच.

विकायच्या म्हटलं तर घेणारे काय करतात तेही नानांनी बघितलंय. पुण्यातल्या त्यांच्या पुतण्यानं वाढदिवसाला भेट पाठवली. उघडून बघतात तर एलपीचं घड्याळ. मधल्या भोकात काटे बसवलेले, कडा कापून वर मोर काढलेला. मोराच्या पायाखाली अर्धं लेबल उरलेलं. नानांनी भिंग लावून ते वाचलं आणि घड्याळ उलटं करून कपाटावर ठेवलं. अक्कांनी ते उतरवून स्वयंपाकघरात लावलं. वेळ बरोबर दाखवतं.

"बरं, मी आलो हुतो ते न्यारंच," तात्या म्हणाले. "पोरगं डीजे लावतंय आता. त्येला पत्र्याची खोली पायजे. म्हणतंय, आबा, ती पेटी भंगारवाल्याला घाला. म्या म्हणलं, एकदा नानांच्या कानावर घालतो."

नानांच्या हातातलं भिंग खाली आलं. पत्र्याची खोली म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत. वरच्या एलपींचे पापड झालेले असणार. पण तळातल्या, वडलांच्या वेळच्या, लाखेच्या तबकड्या वाचल्या असतील. एकीवर एक रचून ठेवल्या असतील तर काही भाराखाली तडकल्याही असतील. नानांच्या डोक्यात हे सगळं चालू होतं आणि चेहऱ्यावर दिसत होतं. बाजारातली त्यांची सगळी कला घराच्या दारात गळून पडली होती.

अक्कांनी ते बघितलं. गोधडी खांद्यावर टाकली आणि पुढं झाल्या.

"तात्या, पेटी कसली हाय? पत्र्याची? गंजलीया का?"

"न्हाई वं अक्का. जुना पत्रा, जाड हाय."

"मग मला द्या. डाळी ठिवायला हुईल. उंदरानं नको केलंय."

"डाळी?"

"व्हय. दोनशे देते. आतला कचरा काढायच्या भानगडीत पडू नगा, म्हातारं माणूस तुम्ही, कंबर धरंल. हाय तशी आणून टाका, आमी बघू काय करायचं ते."

मी ओठ दाबून धरले. चार टाकाऊंच्या मधे हवी ती सारायची. इथं तर पेटीच्या मधे सारलं होतं. तात्याही काही कालचे नव्हते. तंबाखू दाढेखाली सरकवून म्हणाले, "पेटी तीनशेला न्या. कचरा मी मोकळा करून देतो, त्याचं काय ओझं?"

"आवं कशाला मोकळी करता! अडीचशे. हाय तशी."

"आतल्या सकट म्हणता?"

"आतलं कोण बघतंय? आमच्याकडं आधीच उकिरडा झालाय त्येंचा."

आता सौदा जमणार, तेवढ्यात नाना बोलले. त्यांना राहवलंच नाही. "तात्या, थांबा. पेटीचे अडीचशे ठीक आहेत. पण तळात तुमच्या वडलांच्या वेळच्या असतील त्या मी आधी बघतो, एकेक वाजवून बघतो, आणि त्यांचे वेगळे पैसे देतो. त्यात एखादी अशी असू शकते की तिचेच हजार होतील. तुम्हाला माहीत असायला हवं."

कुंपणापाशी दोन क्षण कुणीच बोललं नाही. तात्यांनी लूनाला किक मारली आणि हसत म्हणाले, "मग अक्का, पेटी पाचशेला."

"ऐकलं का ताई?" अक्का माझ्याकडं वळल्या. "जिभंला हाड न्हाई ह्यांच्या! माझं अडीचशेचं काम पाचशेवर नेलं, वर हजार कबूल करून बसले. आन् मला म्हणत्यात, तुला भाजीवाल्याशी बोलता येत न्हाई! तात्या, साडेतीनशे, आन् आजच्या आज आणून टाका, न्हाईतर डाळी पिंपातच ऱ्हातील."